स्विफ्टचे सस्पेन्शन : अंगणात किती आणि गॅरेजात किती

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गाडी २०१४ सालची डिझेल स्विफ्ट असून आज तिच्या मीटरवर १,१८,४०० किलोमीटर दिसतात. यातील बहुतेक अंतर अमळनेर ते धुळे या जाण्यायेण्यात आणि उरलेले अमळनेर ते शेत या वाटेवर कापले गेले आहे. पावसाळ्यापासून पुढच्या डाव्या चाकाकडून खड्ड्यात ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि सपाट वाटणाऱ्या रस्त्यावरही गाडी होडीसारखी डुलत राहते. दिवाळीत आईला धुळ्याला नेले, तेव्हा पारोळा नाक्यावर उतरताना ती म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी मी आपली एस.टी.नेच येईन.” तेव्हापासून सस्पेन्शनचे, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामध्ये धक्के झेलणाऱ्या भागांचे, काम टाळण्यासारखे राहिलेले नाही.

आज सकाळी दोन तास फक्त तपासणी केली. बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडले की गाडी एकदाच वर येऊन स्थिर व्हावी, अशी जुनी चाचणी आहे. तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला मात्र बिनबोभाट सुटतो. माझी गाडी त्या चाचणीत पास झाली. खरी साक्ष टायरने दिली. टायरच्या पृष्ठभागावरून तळवा फिरवला तर ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागतात. चाक रस्त्यावर घट्ट टेकून न राहता उड्या मारत चालल्याची ही खूण आहे. डाव्या स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाच्या, नळीवर तेल पाझरून त्यावर धुळीचा जाड थर बसला आहे. शेतातली लहान पहार घेऊन दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या चौकटीशी जोडणारे खालचे दांडे) हलवून पाहिले, तेव्हा डाव्या आर्मच्या मागच्या बुशाचे, म्हणजे सांध्यातल्या कड्याचे, रबर अर्धवर्तुळात फाटलेले दिसले. उजव्या बुशाला अजून भेगाच आहेत.

आमच्याकडे हे भाग लवकर का झिजतात, याचे कारण बरेचसे जमिनीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता खड्डा न पडताही लाटांसारखा वरखाली होतो. खड्डा बुश आणि माउंट (स्ट्रटच्या डोक्यावरची बैठक) फोडतो, तर लाट शॉकअपला सतत राबवते. शॉकअपच्या आत दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि स्प्रिंगच्या हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून बाहेर पडते. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की सीलचे आणि बुशाचे रबर आणखी लवकर कडक होते.

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी असल्याने दर विचारण्यासाठी फिरलो. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पुढचे दोन्ही स्ट्रट, माउंट, लोअर आर्म, लिंक रॉड (स्ट्रटला जोडलेली बारीक दांडी) आणि मागचे दोन शॉकअप या सर्वांचे मजुरीसह ३१,४०० रुपये सांगितले. अमळनेरच्या ज्या मिस्तरींकडे आमच्या गल्लीतल्या गाड्या जातात, ते म्हणाले की सामान तुम्ही आणा, मजुरी ४,००० रुपये द्या आणि गाडी संध्याकाळी घेऊन जा. त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे. मात्र त्यांच्याकडे एका गाडीचा लोअर आर्म बसत असताना मी उभा होतो. गाडी लिफ्टवर, चाके हवेत लोंबलेली आणि हेल्पर त्याच अवस्थेत बुशाचे बोल्ट गनने, म्हणजे आवळणीच्या यंत्राने, पूर्ण आवळत होता.

ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. लोअर आर्मच्या बुशात आतली लोखंडी नळी आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी चौकटीशी जखडली जाते आणि त्यानंतरची प्रत्येक हालचाल रबराच्या पिळातून होते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर आधीच पिळलेल्या अवस्थेत राहते. गाडी उभी असली तरी तो पीळ सुटत नाही, आणि अशी बुशे काही महिन्यांतच फाटतात. म्हणून शेवटची आवळणी गाडीचा भार चाकांवर, म्हणजे नेहमीच्या उंचीला असतानाच करायची असते. हे करायला जेमतेम दहा मिनिटे जास्त लागतात, पण दिवसाला सहा गाड्या काढणाऱ्या गॅरेजात तीच दहा मिनिटे नसतात.

काम स्वतः करायचे ठरवले, त्यामागे पैशांपेक्षा या दहा मिनिटांचा वाटा मोठा आहे.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

धुळ्याला आग्रा रोडवरून सामान आणले. पुढचे स्ट्रट प्रत्येकी २,६५०, बेअरिंगसह माउंट प्रत्येकी ७८०, धूळ-आवरण आणि बंप स्टॉपचा संच प्रत्येकी २६०, लोअर आर्म प्रत्येकी १,७५०, लिंक रॉड प्रत्येकी ४८० आणि मागचे शॉकअप प्रत्येकी १,३५० रुपये. सगळे जोडीने, एकूण १४,५४० रुपये. एका डब्यावर सप्टेंबरपूर्वीची छापील किंमत होती. सुट्या भागांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असल्याचे दाखवल्यावर दुकानदाराने हसत हसत बिल दुरुस्त केले.

त्याच दुकानात गाडी उंच करणारे स्पेसर आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी गोळे आग्रहाने दाखवण्यात आले. शेताच्या वाटेचा विचार करता मोह झाला नाही असे नाही. पण स्पेसरने उंची वाढली की शॉकअप त्याच्या लांबीच्या वरच्या टोकाजवळ काम करू लागतो, चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन बदलतात आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले आहे. म्हणून मूळ मापाचेच भाग घेतले, फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातले न घेता बाजारातले घेतले.

हत्यारांसाठी वेगळे ५,९५० रुपये गेले. त्यात टॉर्क पाना (ठरलेला जोर आला की ‘टक्’ वाजणारा) २,९००, गाडी टेकवायच्या तीन टनी स्टँडची जोडी १,९०० आणि स्प्रिंग दाबणारा, आकड्यांचा म्हणजे हुकांचा कंप्रेसर १,१५० रुपयांचा. गोट्या (सॉकेट), रिंग पाने आणि हायड्रॉलिक जॅक घरी होतेच.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मागच्या शॉकअपपासून सुरुवात केली, कारण या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत आणि स्प्रिंग दाबावी लागत नाही. नवख्याने पहिला हात इथेच टाकावा.

जागेचाच प्रश्न मोठा होता. ओसरीत वेचणीचा कापूस छतापर्यंत रचलेला आहे, त्याच्या जवळ तेल आणि ग्रीस नेण्याची सोय नाही. अंगणातला कोबा दहा फूटच आहे, त्यापुढे काळी माती. जॅक मातीवर ठेवला की बाहेरून घट्ट दिसणारी जमीन भार पडताच एका बाजूने दबते आणि जॅक तिरका होतो. म्हणून बाभळीची दोन इंची फळी खाली घातली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या आणि जॅक फक्त उचलण्यापुरता वापरून गाडी स्टँडवर उतरवली. गाडीखाली जाण्यापूर्वी तिला बाजूने जोरात हलवून पाहण्याची सवय लावून घेत आहे.

नवा शॉकअप डब्यातून काढून थेट बसवायचा नसतो. तो दुकानात आणि टेम्पोत आडवा पडलेला असल्यामुळे आतली हवा तेलाच्या भागात शिरते. तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबला आणि ओढला, तेव्हा पहिल्या दोन वेळी मध्येच एक पोकळ झटका जाणवला आणि नंतर हात एकसारखा जाऊ लागला. खालच्या बोल्टाची शेवटची आवळणी चाके जमिनीवर टेकवून केली. दोन्ही बाजू मिळून पावणेदोन तास लागले. संध्याकाळी भाच्याला मागे बसवून रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारली. त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही, यालाच पावती समजलो.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लोअर आर्म. डावा चार तास, उजवा दीड तास.

डाव्याच्या चार तासांपैकी तीन तास एका बोल्टात गेले. आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटची दांडी नकलच्या (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाच्या) कानात शिरते आणि आडव्या बोल्टाने चिमटली जाते. अकरा वर्षांच्या चिखलपाण्याने तो बोल्ट कानातच गंजून बसला होता. कालच रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, तरी सकाळी पाना लावताच बोल्टाचे डोके गोल होऊ लागले. इथे मी अर्धा तास चुकीच्या हट्टात घालवला. लांब नळी घालून जोर लावत राहिलो आणि डोके आणखी खाल्ले गेले. शेवटी नट बाजूला काढून, बोल्टाच्या टोकाला पितळी कांडी लावून हातोड्याने थोडे थोडे मागे ठोकले. प्रत्येक फेरीला तेल मारून दहा मिनिटे थांबलो, तेव्हा तो दुपारी सुटला. गॅरेजात गॅसच्या ज्योतीने हेच काम पाच मिनिटांत झाले असते, हे मान्य करायला हवे. नवा बोल्ट १४० रुपयांना मिळाला. बाजूच्या हार्डवेअरच्या दुकानात तसाच दिसणारा बोल्ट दहा रुपयांना होता, पण सस्पेन्शनचा बोल्ट ताणाच्या विशिष्ट प्रतीचा असतो आणि डोक्यावरच्या आकड्यावरून ती प्रत कळते. तिथे तडजोड केली नाही.

आर्म बसवताना ज्यासाठी एवढा खटाटोप मांडला, ते केले. काम सुरू करण्याआधीच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहिले होते. बुशांचे बोल्ट आधी फक्त हाताने लावले, आर्मच्या टोकाखाली जॅक घेऊन तेच अंतर येईपर्यंत वर उचलले आणि मग टॉर्क पान्याने दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याला आवळले. पान्याचा ‘टक्’ आवाज आल्यावर आणखी एक झटका देण्याची आपल्याकडची सवय हाताला फार पक्की बसलेली असते. ती मोडायला मुद्दाम पान्यावरचा हात काढून घ्यावा लागला. आवळलेल्या प्रत्येक नटावरून चौकटीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज पुढचे स्ट्रट काढले, आणि आजच या कामात माझी हद्द कुठे संपते ते कळले.

अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली पुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या ब्रिटिश गाड्यांतून रूढ झाली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे तीच असते. एकाच उभ्या नळीत शॉकअप, तिच्याभोवती स्प्रिंग आणि डोक्यावर बेअरिंग असते, आणि स्टिअरिंग वळवले की स्प्रिंगसकट सगळा खांबच फिरतो. जागा वाचते, भाग कमी लागतात. पण शॉकअप बदलायचा तर दाबलेली स्प्रिंग उघडावीच लागते.

गाडीतून स्ट्रट बाहेर काढणे कठीण गेले नाही. ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची तार कंसातून सोडवली. लिंक रॉडचा नट फिरवताना त्याची दांडीही सोबत फिरते, म्हणून तिच्या टोकाला ऍलन की लावून धरली. नकलला जोडणाऱ्या दोन बोल्टांची मूळ जागा रंगाने आखली आणि वरचे नट शेवटी सोडले. ब्रेकचा कॅलिपर पाइपवर लोंबू नये म्हणून सुतळीने बांधून ठेवला. डाव्या बाजूला चाळीस मिनिटे लागली.

मग कंप्रेसर. दोन लांब स्क्रू, त्यांना वरखाली आकडे. ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना लावून आळीपाळीने आवळायचे असतात. स्प्रिंगचे वेढे तिरपे असल्यामुळे आणि त्यांच्यावरचा रंग गुळगुळीत असल्यामुळे दहा-बारा फेऱ्यांनंतर एक आकडा वेढ्यावरून हळूच घसरू लागला. दोन्ही आकडे एका बाजूला सरकले आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण तीनशे किलो भार झेलणारी ही स्प्रिंग आहे. ती सुटली तर समोरच्याचा जबडा किंवा हात शिल्लक ठेवत नाही. भाचा समोर बसला होता, त्याला आधी उठवून आत पाठवले. नंतर तितक्याच हळू, दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा मागे घेत स्प्रिंग मोकळी केली. हात थरथरत होते.

दोन्ही स्ट्रट मागच्या सीटवर टाकून मोठ्या भावाच्या गाडीने मिस्तरींकडे नेले. त्यांच्याकडे भिंतीला बसवलेला प्रेस आहे. त्याचे रुंद जबडे स्प्रिंगला वरखाली धरतात आणि पुढे जाळी असते. त्यांनी माझा कंप्रेसर हातात घेऊन फिरवून पाहिला आणि एवढेच म्हणाले, “भाऊ, स्प्रिंगसंगे मस्करी करानी नई.” प्रत्येक स्ट्रटचे २५० रुपये घेतले. वीस मिनिटांत दोन्ही तयार झाले. मी विनंती केल्यामुळे माथ्याचा नट गनऐवजी हाताने, दांडी ऍलन कीने धरून आवळला गेला. गनने दांडी गरगर फिरली तर सील आतून खरवडण्याची शक्यता असते.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

स्ट्रट बसवले आणि गाडी चालवली. डुलणे पूर्णपणे गेले, खड्ड्यातला ‘खट्ट’ही गेला. पण स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले की ‘टण्ण’ असा, तार सुटल्यासारखा आवाज आला. परत फिरवल्यावर पुन्हा तोच आवाज.

वर बॉनेटमध्ये माउंटवर हात ठेवून भाच्याला स्टिअरिंग फिरवायला सांगितले. धक्का डाव्या स्ट्रटच्या खालच्या बाजूकडून येत होता. चाक काढून टॉर्चने पाहिले, तर स्प्रिंगचे खालचे टोक तिच्या बैठकीतल्या पायरीला टेकलेले नव्हते, बोटभर मागे थांबले होते. वळताना ताण साठला की टोक पायरीकडे झेप घेत होते. काल प्रेसवर घाई झाली हे खरे. पण त्या वेळी मी दोन हात अंतरावर उभा राहून चहा पीत होतो आणि टोक तपासण्याचे काम माझे होते, हेही तितकेच खरे आहे.

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

डावा स्ट्रट पुन्हा काढला. या वेळी पंचवीस मिनिटे लागली. मिस्तरींनी न बोलता उघडून, टोक पायरीला टेकवून पुन्हा बंद केला आणि पैसे घेतले नाहीत. आज चहा मी पाजला, तोही टोक बोटाने तपासून झाल्यावर. आवाज बंद.

१ डिसेंबर २०२५, सोमवार

रजा टाकून धुळ्याला अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग केले. ९०० रुपये. हे काम अंगणात दोरी आणि टेप लावून टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणे) पुरते करता येते, पण स्ट्रटचे बोल्ट उघडल्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हाही बदलतो आणि त्याचा अंशाच्या भागातला फरक दोरीला दिसत नाही. मशीनवर दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये सुमारे अर्ध्या अंशाचा फरक निघाला. मी रंगाने आखलेली जागा पाळली होती, तरी नव्या स्ट्रटची भोके जुन्याशी केसाच्या अंतराने जुळत नाहीत. कारागिराने नकलचे दोन बोल्ट सैल करून, भोकांत जेवढी मोकळीक असते तेवढे चाक बाहेर ढकलले आणि फरक बराचसा मिटवला. मग स्टिअरिंगच्या टाय रॉडने टो बरोबर केला. तिथेही माझा पाना सोबत होता. त्याने आवळलेले बोल्ट मी पुन्हा तपासले, याचा त्याला राग आला नाही, गंमत वाटली.

हिशोब मांडला. सामान १४,५४०, प्रेस ५००, बोल्ट १४०, अलाइनमेंट ९००, एकूण १६,०८० रुपये. त्यात हत्यारांचे ५,९५० मिळवले की २२,०३० होतात. मिस्तरींकडे सगळे टाकले असते तर सामान, मजुरी आणि अलाइनमेंट धरून १९,४४० रुपयांत आणि एका दिवसात झाले असते. म्हणजे या पहिल्या खेपेला अंगण मला गॅरेजपेक्षा २,५९० रुपयांनी महाग पडले आणि वर बऱ्याच सुट्ट्या गेल्या. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याशी तुलना करून स्वतःची पाठ थोपटता येईल, पण तिथे मी जाणारच नव्हतो, त्यामुळे ती तुलना प्रामाणिक नाही. १,१५० रुपयांचा कंप्रेसर तर निव्वळ वाया गेला. तो मागणाऱ्या कोणालाही द्यायचा नाही असे ठरवले आहे. पारोळ्याच्या दाजींनी काल फोनवर विचारले, तेव्हा टॉर्क पाना घेऊन जा म्हणालो.

पुन्हा करायचे झाल्यास मागचे शॉकअप, लिंक रॉड आणि लोअर आर्म घरीच करीन, कारण तिथे हातात वेळ असणे हेच मुख्य हत्यार आहे. स्ट्रट काढणे-घालणे घरी, उघडणे मात्र प्रेसवरच. गंजलेला बोल्ट अर्ध्या तासात सुटला नाही, तर गाडी जशी आहे तशी जोडून गॅरेजातल्या गॅसच्या ज्योतीकडे नेईन.

२८ डिसेंबर २०२५, रविवार

नव्या भागांवर १,३०० किलोमीटर झाले. चाके काढून सर्व नटांवरच्या पांढऱ्या रेघा पाहिल्या. पुढच्या सगळ्या जागच्या जागी आहेत. लोअर आर्मची बुशे गाडी उभी असताना सरळ दिसतात, पीळ नाही. मडगार्डचे अंतर दोन्ही बाजूंनी वहीतल्या मापापेक्षा तीन मिलिमीटरने जास्त भरले. मागच्या उजव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टावरची रेघ मात्र सुताभर सरकलेली होती. तो पहिल्या दिवशीचा, टॉर्क पान्याऐवजी सवयीने रिंग पान्याने आवळलेला एकमेव बोल्ट. चाक टेकवून आकड्याला आवळला आणि जुन्या रेघेशेजारी पिवळी रेघ ओढली.